सही मात्र हुजुरांची

नवीन जालन्यातून निघालेली एसटी तासाभराच्या आत देऊळगाव राजाला पोचते. १९३७ साली एवढ्याशा वाटेत एक राजवट संपून दुसरी सुरू होत असे. गंमत अशी की कागदोपत्री दोन्हीकडचा धनी एकच होता. देऊळगाव राजा वऱ्हाडात. वऱ्हाड १९०२ पासून कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे होते, पण मालकी निजामाचीच मानली जाई. १९३६ मध्ये तर निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब देऊन ती मालकी पुन्हा अधोरेखित झाली. त्याच वऱ्हाडात १९३७ मध्ये लोकांनी मते टाकली आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात डॉ. ना. भा. खरे यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. मताचा हक्क सगळ्यांना नव्हता, गव्हर्नरच्या हातात पुष्कळ काही होते, हे खरे. तरी मंत्र्याला सभागृहात उभे राहून जाब द्यावा लागत होता.

अलीकडच्या जालन्यात मात्र साधी सभा घ्यायची तरी आधी सरकारची मंजुरी लागे. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. सभाबंदीच्या त्या हुकमाला मराठवाड्यातली जुनी माणसे ‘गश्ती निशान त्रेपन्न’ म्हणत. सभा कुठे, कशासाठी, कोण बोलणार, हे सगळे अगोदर लिहून द्यायचे आणि उत्तराची वाट पाहायची.

या दोन गावांमधला फरक निजामाला कळत नव्हता, असे समजणे भोळेपणाचे ठरेल. मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आले तेव्हापासून राज्यकारभारातली प्रत्येक बारीक गोष्ट त्यांच्या नजरेखालून जात होती. त्यांच्या कंजूषपणाच्या गोष्टी आपण चवीने सांगतो. पैशापेक्षाही त्यांना सत्ता सोडवत नव्हती, आणि ती न सोडण्याची त्यांची रीत फार शिकण्यासारखी आहे. ‘नाही’ असे ते सहसा म्हणत नसत. ते समिती नेमत.

१९१९ मध्ये फर्मान काढून त्यांनी कार्यकारी मंडळ स्थापन केले आणि सर अली इमाम यांना सदर-ए-आझम, म्हणजे त्याचे अध्यक्ष, केले. कायदे कौन्सिल तर त्याआधीपासून, १८९३ पासून होते, पण त्यात सरकारी माणसांचीच बहुसंख्या असे. ते वाढवावे कसे याचा विचार करण्याचे काम रायबाळमुकुंद या निवृत्त न्यायाधीशांकडे गेले. त्यांनी अहवाल दिला आणि तो दप्तरात पडून राहिला. पुढे सप्टेंबर १९३७ मध्ये, म्हणजे वऱ्हाडात लोकांचे मंत्री कामाला लागल्यानंतर, दिवाण बहादूर अरवमुदु अय्यंगार यांची सुधारणा समिती आली.

त्याच १९३७ च्या जूनमध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले होते. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, आज ते जालन्याचे तालुक्याचे गाव आहे. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. परिषदेची भाषा मवाळ, अर्जविनंत्यांची होती. कोणी निजामाला गादीवरून उतरवा म्हणत नव्हते. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहू लागली, तिचीही मागणी निजामाच्या छत्राखालीच जबाबदार राज्यपद्धती मिळावी एवढीच होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतरचा रक्तपात पाहून विरोधक पहिल्यापासून गादीच्या मुळावर उठले होते असा समज होतो. १९३८ मध्ये त्यांच्याशी बोलणी केली असती तर फार स्वस्तात सौदा झाला असता.

झाले ते असे. संघटनेची रीतसर स्थापना होण्याआधीच ७ सप्टेंबर १९३८ रोजी तिच्यावर बंदी आली. संघटना जातीय आहे, असे कारण दिले गेले. २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचे पुढारी होते परतूरचे अध्यक्ष गोविंदराव नानल. अर्ज करणाऱ्या गृहस्थाला दीड वर्षात तुरुंगाच्या वाटेला लावण्याचे श्रेय सरकारलाच द्यावे लागेल. डिसेंबरात गांधीजींच्या सल्ल्याने सत्याग्रह थांबला, बंदी मात्र उठली नाही. ती उठायला जुलै १९४६ उजाडले.

अय्यंगार समितीच्या आधारे जुलै १९३९ मध्ये सुधारणा जाहीर झाल्या. वरवर पाहता त्या बऱ्या वाटतात. ८५ जणांचे कायदेमंडळ, त्यात ४२ निवडून आलेले. पण मग मोजणी करून पाहा: निवडून आलेले सगळे एकत्र आले तरी निम्मे होत नाहीत. निवडणूकही गावाची किंवा तालुक्याची नव्हे, तर जहागीरदार, शेतकरी, सावकारी-पेढ्या, व्यापारी, वकील, डॉक्टर, पदवीधर अशा धंदेवार गटांची. म्हणजे जालन्याचा नागरिक ‘जालन्याचा’ म्हणून मत देणार नव्हता. हिंदू आणि मुसलमान यांना समान जागा होत्या, आणि राज्यात मुसलमान साधारण आठात एक होते. गादी, राजघराणे, फौज हे विषय सभागृहाने काढायचेच नाहीत. मंत्री सभागृहाला बांधील नाहीत. मंजूर झालेले काहीही हुजूर नामंजूर करू शकत. शिवाय या सगळ्याला तत्त्वज्ञानाची जोडही दिली होती: राजा हाच प्रजेचा प्रत्यक्ष प्रतिनिधी, आणि आज आले उद्या गेले अशा निवडलेल्या लोकांपेक्षा त्याचे प्रजेशी नाते अधिक सहज आणि टिकाऊ. एकदा हे मान्य केले की विरोधी पक्षाला जागाच उरत नाही. जो प्रजेचा प्रतिनिधी आहे त्याला प्रजेच्या वतीने विरोध कोण करणार?

एवढ्या बेताच्या सुधारणाही महायुद्धाचे निमित्त होऊन गुंडाळल्या गेल्या. युद्ध संपल्यावर कायदेमंडळ १३२ जणांचे केले गेले, समान जागांचे गणित तसेच ठेवून. स्टेट काँग्रेसने त्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. सर मिर्झा इस्माईल यांच्यासारखा मुरब्बी दिवाण आला आणि वर्षही पुरे न होता, मे १९४७ मध्ये, राजीनामा देऊन गेला.

इथे एक आक्षेप हमखास येतो. निजामाने हिंदूंना मोठी पदे दिली नव्हती काय? दिली होती. महाराजा किशनप्रसाद दोनदा राज्याच्या सर्वोच्च पदावर होते. डिसेंबर १९४७ मध्ये मीर लायक अली यांचे मंत्रिमंडळ झाले त्यात पिंगळे वेंकटराम रेड्डी उपपंतप्रधान होते, दलितांचे पुढारी बी. एस. वेंकटराव मंत्री होते. पण एखाद्या समाजातला आपल्या मर्जीचा माणूस खुर्चीवर बसवणे वेगळे आणि आपल्या मर्जीविरुद्ध लोकांनी पाठवलेला माणूस सहन करणे वेगळे. निजामाने पहिली गोष्ट आयुष्यभर केली, दुसरी एकदाही नाही. स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ या काळात बहुतेक तुरुंगातच होते: ऑगस्ट १९४७ मध्ये आत, नोव्हेंबरअखेर बाहेर, २६ जानेवारी १९४८ ला पुन्हा आत. ज्याच्याशी बोलायचे तोच कोठडीत.

ही रीत काही हैदराबादची खासियत नाही. झिम्बाब्वेत २००८ च्या निवडणुकीनंतर रॉबर्ट मुगाबे यांनी विरोधी नेते मॉर्गन त्स्वांगिराई यांच्याशी सत्तावाटपाचा करार केला. त्स्वांगिराई २००९ मध्ये पंतप्रधान झाले, त्यांच्या पक्षाकडे अर्थखातेही आले. फौज मुगाबेंकडेच राहिली. पोलिसांच्या खात्यावरून इतकी ओढाताण झाली की एका गृहखात्याला दोन मंत्री नेमावे लागले. राज्यपाल, महाधिवक्ता, मध्यवर्ती बँकेचा प्रमुख, या नेमणुका मुगाबेंनी परस्पर उरकल्या. रॉय बेनेट या विरोधी पक्षाच्या माणसाला उपमंत्री नेमायचे ठरले होते, त्याला त्यांनी शपथच दिली नाही. २०१३ च्या निवडणुकीत मुगाबे जिंकले आणि वाटेकऱ्याची गरज संपली. करार वाचताना कोणाला किती खाती मिळाली हे सगळे मोजतात. बंदूक, तिजोरी आणि नेमणुकीची सही कोणाकडे राहिली, ते पाहिले की पुढचे ओळखता येते.

मुगाबेंना एक गोष्ट बरीच वर्षे साधली, ती निजामाला साधली नाही: आपल्याच बाजूच्या लोकांना मुठीत ठेवणे. विरोधकांना दूर ठेवण्यासाठी निजामाने मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनला वाढू दिले. लातूरचा वकील कासीम रझवी तिचा पुढारी झाला आणि रझाकार दल फोफावले. या मंडळींचे म्हणणे असे की राज्याची मालकी मुस्लिम समाजाची, निजाम तिचे प्रतीक. म्हणजे ज्या सार्वभौमत्वात प्रजेला वाटेकरी होऊ दिले नाही, त्याच्यावर घरातल्यांनीच हक्क सांगितला. ऑक्टोबर १९४७ मध्ये भारताशी ‘जैसे थे’ कराराचा मसुदा तयार होता, कार्यकारी मंडळाने बहुमताने तो मानला होता, निजामाची संमती होती. नुसती सही उरली होती. ती आज-उद्यावर गेली आणि २७ ऑक्टोबरच्या पहाटे रझवीच्या जमावाने दिवाण छत्तारीचे नवाब, सल्लागार सर वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळ दिल्लीला निघूच शकले नाही. निजामाने मग शिष्टमंडळच बदलले आणि जवळपास तोच करार २९ नोव्हेंबरला झाला. राज्यात कोणाचे चालते, हे त्या पहाटे सगळ्यांना दिसले.

१९४८ च्या उन्हाळ्यात लायक अलींच्याच मंत्रिमंडळातले जे. व्ही. जोशी राजीनामा देऊन बाहेर पडले. परभणी-नांदेडकडची दहशत आणि लोह्यात डोळ्यांनी पाहिलेली राखरांगोळी त्यांनी राजीनाम्यात लिहिली. जूनमध्ये माउंटबॅटन यांनी जाता जाता शेवटचा मसुदा पुढे केला. हंगामी सरकारात निम्मे मुसलमानेतर, पुढे घटना समिती आणि तीत साठ टक्के मुसलमानेतर, जबाबदार राज्यपद्धती, रझाकारांची टप्प्याटप्प्याने बरखास्ती. लोकसंख्येत पंच्याऐंशी टक्क्यांवर असलेल्यांना साठ टक्के, म्हणजे हा मसुदा दिल्लीतल्या अनेकांना फारच सौम्य वाटत होता. निजामाने तो फेटाळला. गादी शाबूत राहणार होती, तरीही.

१३ सप्टेंबरला पोलीस ॲक्शन सुरू झाली. १५ तारखेला भारतीय फौज जालन्यात होती. गोरख्यांची एक कंपनी शहराच्या ताब्यासाठी मागे ठेवून बाकीचे पुढे गेले. १७ ला निजामाने शरणागती दिली. नवीन जालन्यातल्या मामा चौकाला ज्यांचे नाव आहे ते हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर याच लढ्यातले.

निजामाचे स्वतःचे फार बिघडले नाही. २६ जानेवारी १९५० ला ते हैदराबादचे राजप्रमुख झाले आणि ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत राहिले. १९५२ मध्ये प्रौढ मतदानाने निवडणूक होऊन बुरगुल रामकृष्णराव यांचे मंत्रिमंडळ आले, त्याच्या सल्ल्याने चालणारे घटनात्मक प्रमुखपद त्यांनी विनातक्रार निभावले. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस त्यांच्यासाठी साधारण असेच स्थान मागत होती.

किंमत इतरांनी मोजली. आधी रझाकारांच्या हातून गावेच्या गावे. नंतर, फौज आल्यावर, सूडाच्या लाटेत सापडलेले साधे मुसलमान शेतकरी, विणकर, कारागीर, ज्यांना हुजुरांनी कधी काही विचारले नव्हते. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस हिंडून माहिती गोळा केली आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे नोंदवले. मृतांचा तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता. तो अहवाल भारत सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही.