भिंतीला पुसलेली शाई

२१ जून १६३०. पहाटेचे साडेचार वाजले असतील. मिलान शहराच्या पोर्ता तिचिनेझे वेशीजवळच्या एका गल्लीत कातेरिना रोझा नावाची बाई खिडकीत उभी होती. बाहेर पाऊस पडत होता. काळा झगा आणि डोळ्यांवर ओढलेली टोपी अशा वेषातला एक माणूस तिला गल्लीतून येताना दिसला. त्याच्या हातात कागद होता आणि त्यावर तो काहीतरी लिहीत होता. तो भिंतीच्या कडेकडेने चालला होता आणि मधूनच हात भिंतीला लावत होता. तिने एवढेच पाहिले. शहरात प्लेग होता, आणि कोणी दुष्ट माणसे विषारी मलम भिंतींना फासून तो पसरवतात, असे सगळेच म्हणत होते. या लोकांना ‘उंतोरी’, म्हणजे लेप फासणारे, असा शब्दही रूढ झाला होता. दिवस उजाडेपर्यंत बातमी गल्लीभर झाली आणि लोक पेंढा पेटवून भिंती जाळू लागले.

ती खिडकी आता नाही, गल्ली मात्र आहे. शहराचा काळा इतिहास पायी फिरून दाखवणाऱ्या एका संध्याकाळच्या सहलीत आम्ही दहाबारा जण त्या कोपऱ्यावर पोहोचलो, तेव्हा माहिती सांगणाऱ्या बाईंनी आधी रस्त्याच्या नावाची पाटी वाचायला सांगितली. विया जान जाकोमो मोरा. ज्या न्हाव्याचे दुकान या कोपऱ्यावर होते आणि ज्याला हालहाल करून मारले, त्याचेच नाव आज रस्त्याला आहे.

अशा सहलींबद्दल माझ्या मनात किंतू होता. भुते, तळघरे, चेटकिणी ऐकायला लोक येतात आणि मेलेल्यांच्या यातनांची करमणूक होते. बाईंनी तसे होऊ दिले नाही. त्या सारख्या कागदपत्रांबद्दल बोलत राहिल्या, कुठला जबाब कोणत्या दिवसाचा ते सांगत राहिल्या. मी बरीच वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली केली आहे. फौजदारी खटल्याची फाइल कशी वाढते ते मला ठाऊक आहे. म्हणूनच ही गोष्ट मला भुताटकीहून भयंकर वाटली.

सहल सुरू झाली होती दुओमोच्या, म्हणजे मुख्य कॅथेड्रलच्या पाठीमागून. १६३० साली तीन फ्रेंच तरुण हे देऊळ पाहायला आले होते. संगमरवर खरा की कसा, म्हणून त्यांनी हात लावून पाहिला आणि जमावाने त्यांना बडवत तुरुंगात नेले. सांत अंतोनियोच्या देवळात ऐंशी उलटलेल्या एका म्हाताऱ्याने प्रार्थनेनंतर बसण्याआधी झग्याने बाकाची धूळ झटकली. बायका ओरडल्या, बाकाला लेप लावतोय! त्याला केस धरून फरफटत नेले. हा प्रसंग इतिहासकार रिपामोंतीने स्वतः पाहिला होता. म्हातारा त्यातून जगला असेल असे त्याला वाटत नव्हते.

प्लेग आला कुठून हे जाणकारांना माहीत होते. मांतुआच्या वेढ्यासाठी १६२९ साली जर्मन फौजा लोंबार्दीतून गेल्या, त्यांच्याबरोबर तो आला. लुदोविको सेत्ताला आणि अलेस्सांद्रो तादिनो या वैद्यांनी वेळीच बजावले होते. त्याचे फळ म्हणून सेत्तालाची डोली रस्त्यात अडवून लोक अंगावर धावून गेले, कारण प्लेग आहे म्हणणारा तो, तेव्हा भीती पसरवणाराही तोच. पण याच सेत्तालाने १६१७ साली एका मोलकरणीच्या खटल्यात ती चेटूक करते असे मत दिले होते आणि कातेरिना मेदिची नावाच्या त्या बाईला जाळले होते. शहाणा माणूस एका बाबतीत शहाणा असतो, म्हणून सगळ्याच बाबतीत असतो असे नाही. मग ११ जून १६३० रोजी संत कार्लो बोरोमेओच्या देहाची मिरवणूक निघाली. सगळे शहर दाटीवाटीने रस्त्यावर आले आणि मरणारांचा आकडा भराभर चढला. लोकांनी याचाही दोष गर्दीत मिसळलेल्या उंतोरींनाच दिला. साथ ओसरली तेव्हा सुमारे सव्वा लाख वस्तीतली जवळजवळ निम्मी माणसे गेली होती.

आपल्याकडे १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा रुग्णालयात नेऊन माणसांची मोमियाई, म्हणजे औषधी तेल, काढतात अशी भुमका उठली होती आणि ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला चढवला होता. तिथे लोकांचा संशय सरकारवर होता. मिलानमध्ये लोक आणि सरकार एकाच बाजूला होते. आरोपीला कुठेच आडोसा उरला नाही.

भिंतीला हात लावणारा तो माणूस निघाला गुल्येल्मो पियात्सा, आरोग्य खात्याचाच एक अधिकारी. घरोघर फिरून आजारी आणि मृत यांची नोंद करणे हे त्याचे काम. कमरेला दौत होती आणि बोटांना शाई लागली होती. ती त्याने भिंतीला पुसली असावी, आणि पाऊस असल्याने तो वळचणीखालून चालला होता. त्याच्या घराची झडती घेतली, काही मिळाले नाही. विचारले, पोर्ता तिचिनेझेला भिंती माखलेल्या आढळल्या हे तुला ठाऊक आहे ना? तो म्हणाला, नाही. न्यायाधीशांनी लिहिले की हे संभवनीय नाही, तेव्हा तो खोटे बोलतो, तेव्हा त्याला यातना देता येतील. हात पाठीमागे बांधून दोराने वर खेचले. तो काही बोलला नाही. ताईत किंवा मंत्राचा प्रभाव असेल म्हणून अंगावरचे केस भादरले, कपडे बदलले, रेचक दिले आणि पुन्हा दोर. तरीही काही नाही. मग त्याला सांगितले गेले की सगळे खरे सांगशील तर शिक्षा माफ. आमच्या भाषेत, माफीचा साक्षीदार.

सांगण्यासारखे त्याच्यापाशी काहीच नव्हते. कोणाचे तरी नाव घ्यायचे होते, ते त्याने घेतले. जान जाकोमो मोरा हा न्हावी प्लेगपासून बचावाचे मलम करी, आणि पियात्सानेही आपल्यासाठी ते मागवले होते.

मोराच्या दुकानात शिपाई शिरले तेव्हा त्या बिचाऱ्याला वाटले की परवान्याशिवाय औषध केले म्हणून हे आले आहेत. परसात चुलीवर बसवलेला तांब्याचा हंडा सापडला. त्यात गढूळ पाणी आणि तळाशी पांढरट-पिवळा चिकट गाळ होता. कपडे धुवायचे राखेचे पाणी. परटिणींना बोलावून दाखवले, त्या म्हणाल्या, यात काहीतरी वाईट मिसळले आहे. बाहेर काय वातावरण होते हे लक्षात घेतले तर त्या दुसरे काय म्हणणार होत्या? मोराला दोराला लटकवले. काय हवे ते सांगा, मी तेच कबूल करतो, अशी त्याची अवस्था झाली. मग त्याने रचून सांगितले. मुडद्यांच्या तोंडचा फेस, विष्ठा आणि राखेचे पाणी. हेतू कोणता? लोक जास्त आजारी पडले की न्हाव्याचे मलम खपेल आणि अधिकाऱ्याला काम मिळेल. हे त्या काळच्या विद्वान न्यायाधीशांना पटले. दुसऱ्या दिवशी मोराने सांगितले, हे मी वेदनेपोटी बोललो. तेव्हा त्याला पुन्हा दोर दाखवला आणि त्याने सगळे पुन्हा कबूल केले.

आपल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने पोलिसांपुढचा कबुलीजबाब ग्राह्य धरायचा नाही असे ठरवले. ते कलम मी शेकडो वेळा न्यायालयात म्हणून दाखवले असेल. त्यामागे किती मोडलेले खांदे आहेत हे मला त्या कोपऱ्यावर उभे राहून जाणवले.

पियात्साची माफी रद्द झाली, कारण त्याने ‘संपूर्ण’ सत्य सांगितले नव्हते. दोघांना गाडीत घालून शहरातून फिरवले, तापलेल्या सांडशीने डागले, मोराच्या दुकानासमोर उजवे हात तोडले, चाकावर हाडे मोडून सहा तास जिवंत ठेवले, मग गळे कापले, देह जाळले आणि राख नदीत सोडली. मोराचे घर पाडले. त्या जागी स्तंभ उभारला आणि पुन्हा इथे कधी कोणी बांधकाम करू नये असे लॅटिन शिलालेखात कोरले. लोक त्याला कोलोन्ना इन्फामे म्हणत, कलंकाचा स्तंभ. तो १४८ वर्षे उभा होता. त्या रस्त्याने जाणारी मुले दगडावरून शिकली की मोरा राक्षस होता.

मोडकळीला आलेला तो स्तंभ १७७८ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत खाली आला. त्याच्या आदल्याच वर्षी पिएत्रो वेर्रीने या खटल्याचा आधार घेऊन यातनांविरुद्ध निबंध पुरा केला होता. पण त्याचे वडील मिलानच्या सिनेटमध्ये मोठ्या पदावर होते आणि तीच सिनेट यातना चालू ठेवा म्हणत होती. निबंध छापला गेला १८०४ साली, वेर्री वारल्यानंतर. त्याचा मित्र चेझारे बेकारिया याने मात्र १७६४ सालीच यातना आणि देहदंडाविरुद्धचे आपले पुस्तक छापून युरोप हलवला होता. या बेकारियाचा नातू म्हणजे कादंबरीकार अलेस्सांद्रो मान्झोनी. त्याने १८४०च्या सुमारास आपल्या गाजलेल्या कादंबरीच्या नव्या आवृत्तीला या स्तंभाचा इतिहास जोडला. वेर्री म्हणत होता, दोष वाईट कायद्याचा आणि अज्ञानाचा. मान्झोनीने त्या काळचे कायदेपंडित धुंडाळून दाखवले की त्या वाईट कायद्यातही या न्यायाधीशांनी जे केले त्याला परवानगी नव्हती. त्यांना दिसत होते. त्यांनी पाहायचे नाकारले. मला मान्झोनीचे पटते. अज्ञान म्हटले की माणूस सुटतो.

बेकारियाचा पुतळा दुओमोमागच्या एका चौकात आहे, जुन्या फौजदारी न्यायालयाच्या इमारतीपाशी. तिथून काही पावलांवर पियात्सा फोंताना. १२ डिसेंबर १९६९ रोजी तिथल्या शेतकी बँकेत बॉम्ब फुटून १७ माणसे मेली. पोलिसांनी अराजकवाद्यांना धरले. पिएत्रो वाल्प्रेदा या नर्तकाला एका टॅक्सीवाल्याने ओळखले, पण ओळख परेडीच्या आधीच त्याला वाल्प्रेदाचा फोटो दाखवला गेला होता. वर्तमानपत्रांनी त्याला राक्षस ठरवले. तो तीन वर्षे तुरुंगात होता आणि पुढे निर्दोष सुटला. जुझेप्पे पिनेल्ली हा रेल्वे कामगार कायद्याच्या मुदतीबाहेर पोलिसांच्या ताब्यात होता. १५ डिसेंबरच्या रात्री तो पोलीस मुख्यालयाच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली पडून मेला. बॉम्ब नव-फॅसिस्टांचा होता असे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले, पण ज्यांची नावे घेतली ते आधीच सुटले होते. त्यांच्यावर पुन्हा खटला चालवता आला नाही. चौकात पिनेल्लीच्या नावाचे दोन दगड आहेत. एकावर त्याला ‘मारले’ असे लिहिले आहे, नगरपालिकेच्या दगडावर तो ‘दुर्दैवाने मेला’ असे. निर्दोष हा शब्द दोन्हींवर आहे. आमच्यातले दोघे-तिघे या दगडांपाशी बराच वेळ रेंगाळले. बाईंनी घाई केली नाही.

मोराच्या कोपऱ्यावर आता ब्राँझचे एक शिल्प आहे. मूळ शिलालेख स्फोर्त्झा किल्ल्यात ठेवला आहे. तो मी दुसऱ्या दिवशी पाहिला. अक्षरे अजून वाचता येतात. सज्जन नागरिकांनी या भूमीपासून दूर राहावे, असे त्यात बजावले आहे.

हा खटला आज आपल्याला कळतो तो एका योगायोगाने. पियात्सा आणि मोरा यांच्याकडून किल्लेदाराच्या मुलाचे, पादिल्याचे, नावही वदवून घेतले होते. तो सरदार होता, त्याला वकील मिळाला. बचावासाठी खटल्याची कागदपत्रे छापली गेली आणि तो सुटला. न्हाव्याच्या वाट्याचे जे काही उरले आहे ते त्या छापील कागदांमुळे.

त्यात मोराच्या बायकोचा जबाब आहे. हंड्यातल्या पाण्याबद्दल तिला विचारले होते. ती म्हणाली, दहाबारा दिवसांपूर्वी मी कपडे धुतले, दर वेळी थोडे राखेचे पाणी ठेवून देते, जखमांवरच्या कामाला ते लागते, म्हणून घरात होते. कारकुनाने हे सगळे व्यवस्थित लिहून घेतले आहे.