समुद्राचे खाते कोणाकडे?

दिवाळी अंकात उन्हाळ्याच्या सुटीवर लेख म्हणजे चकलीच्या ताटात आंब्याची फोड, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरात चौदा-पंधरा वर्षांची आणि त्यापुढची मुले आहेत, त्या घराने मे महिन्याचा विचार दिवाळीतच करावा, असे माझे मत आहे. त्याला दोन कारणे आहेत. एक असे की, पुढल्या वर्षाची दिनदर्शिका याच सुमारास घरात येते, आणि समुद्राकाठी जायचे तर ती रेल्वेच्या वेळापत्रकाइतकीच कामाची असते. ते कसे, हे पुढे सांगतो. दुसरे कारण जरा नाजूक आहे. मोठ्या मुलांची सुटी आता आईबापांच्या हातात राहिलेली नाही. शिकवणीवर्ग, प्रवेशपरीक्षा आणि मित्रमंडळी यांनी तिच्यावर आधीच हक्क सांगितलेला असतो. दिवाळीत शब्द घेऊन ठेवला नाही, तर मे महिन्यात "तुम्ही दोघेच जाऊन या ना!" हे उत्तर ठरलेले.

मुले लहान असतात तोवर सहल सोपी असते. एक बादली, एक फावडे आणि ओली वाळू एवढ्यावर दिवस निघतो. सोळाव्या वर्षी त्याच वाळूत त्याच मुलाला नेऊन बसवले, तर तो मोबाइलमध्ये डोके खुपसून बसतो. आपण म्हणतो, मुलांना हल्ली कशाचे कौतुकच नाही. पण मुलगा समुद्राला कंटाळलेला नसतो. कुठे जायचे ते वडिलांनी ठरवलेले, काय खायचे ते आईने ठरवलेले, आणि त्याने फक्त पिशव्या उचलायच्या! वळकटी जशी नेली जाते, तसा तोही नेला जातो. वळकटीने कौतुक करावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. मग त्याच्याकडूनच का करावी?

यावर आमच्या घरी निघालेला तोडगा म्हणजे खातेवाटप. कन्या सतरा वर्षांची, चिरंजीव चौदाचे. समुद्राचे खाते कन्येकडे : पाण्यात कधी उतरायचे, कुठे उतरायचे, कुठवर जायचे. शहराचे खाते आणि रोजच्या खर्चाचे पाकीट चिरंजीवांकडे. तिकिटे आणि मुक्काम पत्नीकडे. माझ्याकडे हमालखाते. नियम एकच : ज्याचे खाते त्याचा शब्द अखेरचा. वर अपील नाही.

ठिकाण निवडताना मुलांचे दोन पक्ष पडले. एकाला समुद्र हवा होता, दुसऱ्याला हिंडायला शहर. दोन्ही एकाच गावात मिळतील आणि दोन्हींकडे पायी किंवा एस. टी. ने जाता येईल, असे गाव म्हणून रत्नागिरी ठरली. मुंबईहून कोकण रेल्वेने जाताना रत्नागिरीच्या थोडे अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. तो किती मिनिटांत संपतो हे घड्याळ लावून मोजण्यात चिरंजीवांचा प्रवास सार्थकी लागला. स्टेशन गावापासून काही किलोमीटर दूर आहे, तेव्हा एस. टी. किंवा रिक्षाचा हिशेब धरून ठेवावा. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडते. म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यातल्या प्रवासाची तिकिटे मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात काढावी लागतात. दिवस मात्र त्याआधीच ठरलेले बरे, आणि ते ठरवायचे तिथी पाहून.

कोकणातल्या जुन्या माणसांचा भरती-ओहोटीचा एक हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी; येईल तो आकडा पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी सुमारे तीनला पूर्ण भरती आणि तशीच पहाटे तीनच्या आगेमागे. दोहोंच्या मधोमध, म्हणजे नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. यात जादू काही नाही. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, त्याच्यामागून भरतीही तितकीच मागे सरते. वाडवडिलांनी तिची सोपी पाऊणकी करून ठेवली. अचूक वेळा आता छापील तक्त्यांत आणि मोबाइलवर मिळतात, आणि पाण्यात उतरताना त्याच धराव्यात. पण आपला हिशेब त्यांच्याशी ताडून पाहण्यात मौज आहे. कन्येचा हिशेब पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने चुकला, तेव्हा तिला पणजोबांच्या काळच्या कोळ्यांचा अभिमानच वाटला.

पोहणाऱ्यांना सोयीच्या तिथी म्हणजे दशमी ते द्वादशी. तेव्हा साडेसात ते नऊच्या दरम्यान भरती पूर्ण होते. म्हणजे सकाळी उन्हे तापण्यापूर्वी पाणी चढत असते आणि संध्याकाळी पाच-सहालाही ते चढतच असते. मधल्या ओहोटीच्या वेळी ऊन कडक असते. ती वेळ आपोआप शहराला मिळते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. तेव्हा पाणी लांबवर येते आणि लांबवर जाते. ते काठावरून पाहायचे. एवढे सगळे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकावे. महिन्याच्या अखेरीस दर्या खवळू लागतो आणि शेवटच्या आठवड्यापासून प्रवासी होड्या व पाण्यावरचे खेळ ऑगस्टअखेरपर्यंत बंद होतात. २०२५ साली तर मे संपण्याआधीच मोसमी पाऊस कोकणात उतरला होता.

समुद्राचे खाते सांभाळणाराला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. फुटणाऱ्या लाटांच्या फेसात मध्येच एखादा पट्टा शांत, गुळगुळीत दिसतो. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. पण काठावर आलेले पाणी त्याच वाटेने परत आत जात असते, आणि माणसालाही घेऊन जाते. अशा ओढीत सापडल्यास सरळ काठाकडे झगडू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर यावे आणि मग लाटांबरोबर काठाकडे वळावे. खरा उपाय मात्र तिथे न उतरण्याचाच. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात जायचे नाही, कमरेच्या वर पाणी घ्यायचे नाही, ओहोटी लागली की बाहेर, हे तीन नियम कन्येने वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते.

त्या वहीची कसोटी गणपतीपुळ्याला लागली. रत्नागिरीहून आरे-वाऱ्याच्या किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता पंचवीसएक किलोमीटरचा आणि डोळ्यांचे पारणे फेडणारा. दर्शन झाले, देव मानलेल्या अख्ख्या डोंगराला प्रदक्षिणाही पायी झाली, आणि साडेदहाच्या सुमारास सगळे वाळूवर आलो. आमच्याबरोबर माझे मेहुणे होते. कृष्णेच्या पुरात पोहलेला माणूस! त्यांनी सदरा उतरवला आणि भाच्याला म्हणाले, "चल रे!"

कन्या पुढे झाली. "मामा, आता नाही. ओहोटी लागलीय. संध्याकाळी भाट्याला उतरू."

"अगं, कृष्णेपुढे हे काय पाणी!"

"नदी एकाच दिशेला वाहते, मामा."

मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिले. पत्नीने पाहिले, चिरंजीवांनी पाहिले. घरातल्या वडीलधाऱ्या पाहुण्याला पोरीने चारचौघांत अडवले होते, आणि दोघांपैकी एकाचा शब्द खाली पडणार होता. मी म्हटले, "समुद्राचे खाते तिच्याकडे आहे."

मेहुण्यांनी सदरा चढवला. जरा घुश्शातच ते शहाळेवाल्याकडे गेले. पण परतताना हातात सगळ्यांसाठी शहाळी होती. त्या दिवशी समुद्रात काहीही घडले नाही. कन्येचे म्हणणे खरे ठरवायला लाटेने कोणाला ओढून नेले नाही, आणि ते देवाचे उपकारच. पण संध्याकाळी भाट्याला पाणी चढत असताना तिने आधी काठावरच्या कोळ्याला विचारले, कमरेपर्यंत स्वतः जाऊन आली, आणि मग मामांना हाताला धरून पाण्यात नेले. मुलांना अधिकार दिला आहे की नुसता दिल्यासारखे केले आहे, हे ती 'हो' म्हणतात तोवर कळत नाही. ती 'नाही' म्हणतात आणि आपल्याला गप्प बसावे लागते, तेव्हा कळते.

आता शहर. चिरंजीवांचे धोरण सुटसुटीत होते : ऊन असताना छपराखाली, ऊन उतरल्यावर उघड्यावर. थिबा राजवाडा, झाडगावचे समुद्री जीवांचे संग्रहालय आणि तिथला देवमाशाचा सांगाडा, टिळक आळीतले लोकमान्यांचे १८५६ सालचे जन्मघर, ही सगळी छपराखालची. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, हे त्याने आधीच टिपून ठेवले होते.

ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ साली पदच्युत झाला आणि १८८६ साली त्याला रत्नागिरीला आणून ठेवले. राजवाडा मात्र १९१० साली उभा राहिला, आणि १९१६ साली राजा इथेच वारला. चिरंजीवांनी तिथल्या तिथे वजाबाकी केली. "म्हणजे राजवाड्याची वाट पाहण्यात चोवीस वर्षे आणि राहायला सहा!" संध्याकाळी पतितपावन मंदिरात गेलो. सर्व जातींच्या हिंदूंना प्रवेश असलेले हे मंदिर भागोजीशेठ कीर यांनी १९३१ साली बांधून दिले. त्यामागे प्रेरणा होती सावरकरांची, जे १९२४ ते १९३७ या काळात याच जिल्ह्यात स्थानबद्ध होते. बाहेर पडताना चिरंजीव म्हणाले, "सरकार ज्यांना डांबून ठेवायचे त्यांना इथे धाडायचे, आणि आपण पैसे भरून आलो!" इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य सापडणार नाही, पण त्याला तो इतिहास आता विसरता येणार नाही.

उतरत्या उन्हात रत्नदुर्ग. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेला हा घोड्याच्या नालेच्या आकाराचा किल्ला. आत भगवतीचे देऊळ, टोकाला दीपगृह. किल्ल्याच्या एका अंगाला मांडवीची काळी वाळू आणि दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. एकाच गावात वाळूचे दोन रंग कसे, यावर भावंडांत वाद जुंपला. खिशातून लोहचुंबक नेले होते. ते मांडवीच्या वाळूतून फिरवताच काळे कण त्याला मिशांसारखे चिकटले. या किनाऱ्याच्या वाळूत लोहयुक्त जड खनिजे आहेत, हे सांगण्याचे श्रम माझे वाचले.

एका पहाटे उक्षीला गेलो. जांभ्या दगडाच्या सड्यावर आदिमानवाने कोरलेला मोठा हत्ती तिथे आहे. कोकणातल्या अशा कातळशिल्पांचा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला, त्यांत उक्षी आहे. सडा नऊनंतर तव्यासारखा तापतो, म्हणून सातला तिथे असावे. पाणी आणि टोपी हवीच.

राहिले मालगुंड. गणपतीपुळ्यापासून ते जवळच आहे. केशवसुत तिथे १८६६ साली जन्मले. त्यांच्या स्मारकाचे उद्घाटन १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे मी बरोबर गेलो असतो तर सहलीचा तास झाला असता. म्हणून दोघा भावंडांना एकटेच धाडले. पाण्याची बाटली, थोडे पैसे, परतायची वेळ ठरलेली. आम्ही तिघे सावलीत बसून घड्याळ पाहत होतो आणि ते पाहत नसल्याचे भासवत होतो. दोघे वेळेच्या दहा मिनिटे आधीच आले. कन्या म्हणाली, "बाबा, ते एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. म्हणजे तुमच्यापेक्षा लहानच!" इतकी वर्षे मी वर्गात केशवसुतांचे जन्म-मृत्यूचे सन फळ्यावर लिहीत आलो, ही तुलना कोणी केली नव्हती.

पाकिटाचे म्हणाल, तर दिवसाची रक्कम ठरवून द्यावी आणि मग त्यात डोकावू नये. आमच्या चिरंजीवांनी दोन दिवस रिक्षा टाळून एस. टी. पत्करली, घावन आणि सोलकढीवर भागवले, आणि वाचलेल्या पैशांत शेवटच्या दिवशी हापूसची पेटी घेतली. रत्नागिरीच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, असे त्याने विक्रेत्यालाच ऐकवले. विक्रेता म्हणाला, "म्हणूनच भाव कमी होत नाही, बाळ!"

हिशेब करून पाहा. मुलगी सतराची असली तर तिच्या बरोबरच्या किती सुट्या उरल्या? बारावीनंतर वसतिगृह, मग नोकरी, मग तिचे स्वतःचे घर. एक, फार तर दोन उन्हाळे. ते आपल्या हुकमतीखाली काढायचे की तिच्या शब्दावर एकदा सदरा परत चढवून काढायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. या दिवाळीत फराळ झाला की नवी दिनदर्शिका जाजमावर पसरा, वैशाखातल्या दशमी-द्वादशी शोधा, आणि पेन्सिल मुलांच्या हाती द्या.