नव्या वाहनाचे पहिले ओझे

आश्विन शुद्ध दशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. खंडेनवमीला औजारांचे पूजन झाले की दसऱ्याला गोंदिया जिल्ह्यातील कित्येक घरी नवा ट्रॅक्टर दारी येतो. गृहिणी त्यावर कुंकवाचे स्वस्तिक रेखाटते, झेंडूची माळ चढते, नारळ वाढविला जातो. पुढे दिवाळीच्या आतबाहेर हलक्या धानाची मळणी होऊन कट्टे भरू लागतात, आणि नव्या वाहनाची खरी परीक्षा सुरू होते.

पूर्वी घरचा गोऱ्हा शिकवायचा तर त्याला जाणत्या बैलाच्या जोडीने रिकाम्या बंडीला जुंपीत. मान सरावल्यावाचून भरल्या बंडीपुढे त्याला कोणी उभे करीत नसे. यंत्राचेही तसेच आहे. सिलिंडर आणि पिस्टनची कडी प्रारंभी एकमेकांवर घासून सरावतात. त्यांचा सूक्ष्म कीस तेलात उतरतो. म्हणूनच पहिले तेल लवकर, बहुतेक ट्रॅक्टरांत ५० तासांच्या सुमारास, बदलावयाचे असते. नेमके तास सोबतच्या पुस्तिकेत पाहावेत. तोवर पूर्ण ओझे लादू नये. उभ्या जागी तासन् तास इंजिन चालू ठेवणेही हिताचे नव्हे. पहिल्या काही फेऱ्यांनंतर चाकांच्या नटांना पाना लावून पाहावा. आणि ती झेंडूची माळ! समोरच्या जाळीवर ती आठ-आठ दिवस राहिली तर इंजिनाला वारा मिळत नाही. दुसऱ्या दिवशी भक्तिभावाने तिचे विसर्जन करावे, देवीचा त्यात कोप नाही.

दोन चाकांची ट्रॉली ही बंडीचीच थोरली बहीण. मागे ओझे वाढले की बंडी उलार होई, पुढे वाढले की बैलांच्या माना दबत. ट्रॉली उलार झाली तर तिची दांडी ट्रॅक्टरची मागची बाजू उचलू पाहते व मोठ्या चाकांची पकड सुटते. दांडीवर अतोनात भार आला तर पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ऐकेनासे होते. ४० किलोचा कट्टा धरला तरी १०० कट्टे म्हणजे ४ टन! तेव्हा भाराचा मध्य आसाच्या किंचित पुढे असावा, दोन्ही बाजू समतोल असाव्यात, वरचा थर खालच्या सांध्यांवर बसवून आत घेत जावा. दोर आवळावा आणि कोस-अर्धा कोस गेल्यावर पुन्हा आवळावा. कट्टे बसतात, दोर सैल पडतो.

गतवर्षी गोरेगाव तालुक्यातील एका गावी आम्ही उभे होतो. भरलेल्या ट्रॉलीवर, कट्ट्यांच्या शिखरावर, चार मुले बसलेली. ट्रॅक्टर सुरू होणार तोच एक वृद्ध धुरकरी आडवा आला. "लेकरं उतरवा आधी. कट्टा पडला तं भरून घेता येते." चालक तरुण, घरचाच, तोंड फुगवून बसला, पण मुले उतरली. गावच्या मारुतीपर्यंत ती ट्रॉलीमागून धुळीतून चालत आली. म्हातारा त्यांच्यासोबत होता.