पिवळ्या पानाची साखर

तंबाखूची पारख करताना मराठी माणूस बहुधा एकच शब्द वापरतो: कडक. चंचीतली पानतंबाखू असो की विडीतली निपाणीची तंबाखू, ती किती 'लागते' यावर तिची प्रत ठरते. तिच्यात कुणी गोडवा शोधू लागला तर आपल्याला चमत्कारिकच वाटेल. पाईप ओढणाऱ्यांच्या जगात मात्र तंबाखूची एक जात अशी आहे, की जिची पारख आधी गोडव्यावर होते आणि मग कडकपणावर. तिचे नाव व्हर्जिनिया. तिच्यात दुसऱ्या कोणत्याही जातीचे पान मिसळलेले नसले, म्हणजे बर्ली नाही, धुरावलेली लटाकिया नाही, लुईझियानाची आंबवलेली पेरिक नाही, तर तिला 'स्ट्रेट व्हर्जिनिया' म्हणतात. या लेखात मी तिला निखळ व्हर्जिनिया म्हणणार आहे.

सुवासिक मिश्रणांत वरून पाक, मद्य, व्हॅनिला वगैरे घालून गोडवा आणतात. निखळ व्हर्जिनियाचा गोडवा मुख्यतः पानाचाच असतो. तो पानात कसा येतो, जिभेवर कसा उतरतो आणि त्याने पुढे काय घडवले, हे तीन प्रश्न सहसा वेगवेगळे मांडले जातात. पहिला शेतीशास्त्राचा, दुसरा रसिकांचा आणि तिसरा वैद्यकाचा व इतिहासाचा. माझ्या मते ते एकच आहेत, कारण तिन्हींच्या मुळाशी तीच साखर आहे.

नावाची गोष्ट

आज 'व्हर्जिनिया' हे गावाचे नाव उरलेले नाही, ते पान वाळवण्याच्या रीतीचे नाव झाले आहे. ब्राझील, झिंबाब्वे, आंध्र आणि म्हैसूरकडचा मुलूख, सगळीकडे ही तंबाखू पिकते आणि सगळीकडे तिला व्हर्जिनियाच म्हणतात. पण नावाचा उगम अर्थातच अमेरिकेतल्या त्या इंग्रज वसाहतीत आहे. १६०७ साली जेम्सटाउन वसले, तेव्हा तिथले मूळ रहिवासी निकोटियाना रस्टिका या जातीची तंबाखू ओढत. ती इंग्रजांना फार जहाल वाटे. स्पॅनिश मुलखातल्या निकोटियाना टॅबॅकमची चटक युरोपला आधीच लागली होती. १६१२च्या सुमारास जॉन रॉल्फ याने त्या जातीचे बी मिळवून जेम्सटाउनला लावले आणि काही वर्षांतच तंबाखू हा वसाहतीचा प्राण झाला. १६१९मध्ये पहिले आफ्रिकी बंदिवान व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरवले गेले. पुढची अडीच शतके तंबाखूची लागण, खुडणी आणि वाळवणी मोठ्या प्रमाणावर गुलामांच्या हातून झाली.

तरीही या काळातली व्हर्जिनिया आजच्यासारखी पिवळी, गोड नव्हती. पाने हवेत सुकवत किंवा खाली उघडी लाकडे पेटवून धुरावर धरत. त्यामुळे पान तपकिरी होई आणि धुराचा वास धरी. आजची चव एकोणिसाव्या शतकात जन्मली, तीही शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनात.

स्टीफनचा कोळसा

कॅसवेल परगण्यात अबिशा स्लेड नावाच्या जमीनदाराचे शेत होते. १८३९ साली तिथे तंबाखूच्या कोठीतल्या जाळावर रात्रभर लक्ष ठेवण्याचे काम स्टीफन नावाच्या तरुण गुलामाकडे होते. तो लोहारकामही करी. प्रचलित गोष्ट अशी: एका पावसाळी रात्री त्याला झोप लागली. जाग आली तेव्हा जाळ विझत आला होता आणि जळण ओले होते. तो धावत लोहाराच्या भट्टीकडे गेला आणि तिथला कोळसा आणून त्याने निखाऱ्यांवर टाकला. कोळशाला धूर नाही, पण आच जबरदस्त. कोठी एकदम तापली आणि सकाळी पाहतात तो पाने सोन्यासारखी पिवळी झालेली. त्या मालाला नेहमीपेक्षा कितीतरी चढा भाव मिळाला. पुढे १८५०च्या दशकात स्लेडने ही रीत परिसरात शिकवली, पसरवली आणि नाव कमावले. स्टीफन गुलामच राहिला.

ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक ठिकाणी 'सुदैवी अपघात' म्हणून सांगितली जाते. मला त्या शब्दाचा संशय येतो. झोप लागणे हा अपघात खरा. परंतु ओले लाकूड नको आणि कोळसा हवा, हा निर्णय आचेची जात ओळखणाऱ्या लोहाराचा आहे. शिवाय एका रात्रीचा योगायोग पुन्हा घडवून आणायचा, तर आच कधी वाढवायची आणि कधी रोखायची हे कुणालातरी हाताने शिकावे लागले असणार. कोळशावर पान वाळवण्याचे प्रयत्न त्या भागात इतरांनीही केले होते, तेव्हा सारे श्रेय एकट्या स्टीफनला देण्याचेही कारण नाही. पण कोठीत रात्री जागणारे हात बहुतांशी गुलामांचे होते, हे विसरून चालणार नाही.

यादवी युद्धानंतर कोळसाही मागे पडला. भट्टी बाहेर आणि तिच्यातून निघणाऱ्या पत्र्याच्या नळ्या कोठीच्या तळाशी फिरवलेल्या, अशी रचना रूढ झाली. नळ्यांची उष्णता पानाला मिळते, धूर मात्र धुराड्यातून बाहेर जातो. या नळ्यांना इंग्रजीत 'फ्लू' म्हणतात, म्हणून ही 'फ्लू-क्युअर्ड' तंबाखू. आपल्याकडच्या सरकारी कागदांतही ती याच नावाने नोंदली जाते.

कोठीत काय घडते

खुडलेले पान मेलेले नसते. त्याचे श्वसन चालू असते आणि साठवलेल्या पिष्टाची विकरांच्या मदतीने साखर होत असते. कोठीत पहिले दीड-दोन दिवस सुमारे ३५ ते ४० अंश सेल्सियसची दमट ऊब ठेवतात. या अवस्थेत हिरवा रंग विरतो, त्याखाली दडलेली पिवळी रंगद्रव्ये उघडी पडतात आणि पिष्टाची साखर होते. पान असेच सोडले, तर ते श्वसनात ही साखर खाऊन टाकील आणि तपकिरी पडेल. म्हणून नेमक्या वेळी आच ५० अंशांच्या पुढे नेऊन पानाचे पाते सुकवतात. पाणी गेले की विकरांचे काम थांबते आणि साखर जागच्या जागी अडकते. शेवटी ७० अंशांच्या आसपास मधली जाड शीर सुकवतात. सगळे मिळून पाच ते सात दिवस लागतात.

याउलट बर्ली तंबाखू सावलीत हवेवर कित्येक आठवडे सुकते. तेवढ्या अवधीत पान आपली साखर जवळजवळ संपवते. व्हर्जिनियात वजनाच्या १५ ते २० टक्के साखर सहज सापडते, तर बर्लीत ती नावालाच असते. निपाणीकडची विडीची तंबाखू उन्हात सुकते. तिथेही साखर राखणे हा हेतूच नसतो, हवा असतो तो कडकपणा.

मातीचाही यात वाटा आहे. स्टीफनच्या मुलखातली जमीन रेताड, नत्राला भुकेली. इतर पिकांना ती नकोशी. पण नत्र कमी म्हणजे पानात निकोटिन व प्रथिने कमी आणि पिष्ट जास्त. कसदार काळ्या मातीतले पान जाड आणि उग्र होते. तंबाखूचा गोडवा हा असा काहीसा गरीब जमिनीचा गुण आहे.

चव कशी ओळखावी

झाडावर पान कुठे होते यावर चवीचा पहिला भेद ठरतो. खालची व मधली पाने फिकट पिवळी होतात. त्यांचा वास वाळलेल्या गवताचा आणि लिंबाच्या सालीचा. वरची, जास्त पिकलेली पाने नारिंगी-तांबूस होतात. त्यांत भाजलेल्या पावाची कड आणि किंचित आंबूस झाक येते. हीच पाने दाबून, वाफेवर किंवा उष्णतेवर काळसर केली, की लिंबू मावळते आणि मनुका, अंजीर, काकवी जाणवू लागते. इंग्लंडमधल्या केंडल गावच्या सॅम्युअल गॉविथची 'फुल व्हर्जिनिया फ्लेक' या शेवटच्या प्रकारातली नावाजलेली तंबाखू. तिचा डबा उघडला की मला गुऱ्हाळाबाहेर उभे राहिल्यासारखे वाटते.

फ्लेक म्हणजे पानांचे थर दाबून केलेल्या वडीचे पातळ काप. दाबामुळे पानांतले रस एकमेकांत मुरतात. बंद डब्यात वर्षानुवर्षे ठेवली तर ही तंबाखू आणखी गडद आणि मऊ होते. साखर आणि अमिनो आम्ले यांची हळूहळू संयुगे होतात. पाव भाजताना जे घडते त्याच जातीची ही प्रक्रिया. पिवळी रंगद्रव्ये फुटून सुवासिक द्रव्ये तयार होतात. त्यांतले डॅमॅसिनोन गुलाबाच्या अत्तरातही असते आणि चहातही. म्हणून जुन्या व्हर्जिनियात फुलांचा भास होतो, तो केवळ कविकल्पनेचा नसतो.

इथे एक खुलासा करायला हवा. धुरात साखर नसते, ती जळून जाते. जिभेला जो गोडवा वाटतो तो बराचसा नाकाने ओळखलेला वास असतो. यासाठी अनुभवी माणूस तोंडातला धूर फुप्फुसात घेत नाही. तो थोडासा धूर नाकावाटे हळूच सोडतो आणि चवीचे बारकावे त्या क्षणी कळतात.

ओढण्याची रीत

निखळ व्हर्जिनिया ओढायला सोपी नाही. नवख्याची जीभ ती हमखास पोळते, आणि त्याचे कारण पुन्हा तिची साखर. साखरेचे पान गरम जळते. तंबाखू ओलसर असेल तर जळताना वाफ सुटते आणि ती वाफ जीभ भाजते. म्हणून फ्लेकचे काप बोटांनी मोकळे करून थोडा वेळ उघड्यावर ठेवतात. चिमटीत दाबल्यावर गोळा होऊन चिकटू नये आणि कुरकुरून चुराही होऊ नये, इतकी ती सुकली की झाले. पाईपच्या वाटीत तळाशी सैल आणि वर किंचित घट्ट भरतात. पहिल्या काडीने वरचा थर फुलून येतो. तो दाबणीने हलके बसवून दुसरी काडी लावतात. त्यानंतर झुरका मारायचा नसतो, गरम चहाचा घोट घ्यावा तसा धूर तोंडात घ्यायचा असतो. वाटी हाताला चटका देऊ लागली तर पाईप खाली ठेवायचा. विझला तर पुन्हा पेटवायचा, त्यात कमीपणा नाही. घाई केली की गोडवा जातो आणि उरते ती गरम, बेचव तिखट वाफ. जाणकार या तंबाखूला संयमाची परीक्षा म्हणतात ते यामुळे.

त्याच साखरेची दुसरी बाजू

मात्र जगातली फारच थोडी व्हर्जिनिया अशी संयमाने ओढली जाते. साखर जळताना आम्ले तयार होतात, म्हणून या पानाचा धूर आम्लधर्मी असतो. सिगारची आणि हवेवर सुकवलेल्या बहुतेक तंबाखूंचा धूर अल्कधर्मीकडे झुकतो. त्यातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जाते, पण तो घशाला झोंबतो, त्यामुळे माणूस तो आत ओढत नाही. आम्लधर्मी धुराचे उलट आहे. तोंडात त्यातले निकोटिन फारसे शोषले जात नाही, आणि घशाला तो सौम्य लागतो, म्हणून तो थेट फुप्फुसात ओढता येतो. फुप्फुसातून निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते. म्हणजे ज्या सौम्य गोडव्याची रसिक वाखाणणी करतात, त्यानेच धुराला छातीचा दरवाजा उघडून दिला.

एवढे झाल्यावर फक्त यंत्राची वाण होती. १८८०च्या सुमारास जेम्स बॉनसॅकने सिगारेट वळण्याचे यंत्र तयार केले. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमच्या ड्यूक घराण्याने ते अमेरिकेत चालवले आणि ब्रिस्टलच्या विल्सने १८८३मध्ये त्याचे ब्रिटनमधले हक्क घेतले. पिवळे पान यंत्रात गेले. १९१०मध्ये कलकत्त्यात इम्पीरियल टोबॅको कंपनी निघाली आणि १९२०च्या दशकात गुंटूरकडे व्हर्जिनियाची लागण व भट्टीच्या कोठ्या उभ्या राहू लागल्या. राजमहेंद्रीला १९४७मध्ये केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था स्थापन झाली, तर तंबाखू मंडळाचे मुख्यालय गुंटूरला आहे. आपल्या देशातल्या या पानाची बहुतांश वाट सिगारेटकडेच जाते. कोठ्यांत पुष्कळ ठिकाणी अजून लाकूडच जळते. पाच-सहा रात्री आच सांभाळत जागणारा माणूस स्टीफनसारखा गुलाम नाही, पण त्याची नजर असते त्याच पिवळ्या रंगावर.

पाईपवाले स्वतःला सिगारेटवाल्यांपासून वेगळे मानतात आणि धूर आत ओढत नाहीत हे बहुतांशी खरेही आहे. म्हणून पाईप निर्धोक ठरत नाही. ओठ, तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. सगळ्या प्रकारची तंबाखू मिळून जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे मरतात. चवीची माहिती देणाऱ्याने हा आकडा तळटीपेत ढकलू नये असे मला वाटते. तो चवीच्या इतिहासाचाच भाग आहे.

मनुका, अंजीर, वाळलेले गवत, गुलाब हे सारे त्या पानात खरोखर आहे आणि ते ओळखता येणे ही रसिकता खोटी नाही. ते तिथे टिकले याचे कारण एका लोहाराला आचेची ओळख होती. ते आज सिगारेटच्या पाकिटात पोचले आहे, कारण तोच गोडवा घशाला फसवू शकतो. माझ्या पाहण्यात आलेल्या डब्यांवर व्हर्जिनियाचे नाव ठळक असते, कारखान्याचे असते, गावाचेही असते. आता नवी छापील सूचनाही असते. कॅसवेल परगण्याचे किंवा स्टीफनचे नाव मात्र मला अजून एकाही डब्यावर आढळलेले नाही.