यंत्राची दृष्टि आणि विजेची काटकसर

कऱ्हाडास कृष्णा-कोयनेच्या संगमावर पावसाळ्यांत दोन पहारेकरी नेमले आहेत, अशी कल्पना करावी. पहिला क्षणोक्षणीं घाट, झाडें, आकाश असा सारा देखावा टिपून घेतो. त्यांत कांहीं बदललेलें असो वा नसो. दुसरा स्वस्थ बसतो आणि पाणी एक पायरी चढलें कीं तेवढीच एक हाक देतो. काम एकच; परंतु श्रमांत केवढें अंतर!

चित्रें ओळखणारे आजचे संगणक बहुधा पहिल्या वळणाचे आहेत. चित्रांतील प्रत्येक बिंदूचा आंकडा घेऊन ते कोट्यवधि गुणाकार करितात आणि पुष्कळ वीज खातात. मनुष्याचा मेंदू मात्र सुमारें २० वॅटवर आपलीं सर्व कामें उरकतो. त्याचें एक कारण असें कीं, मेंदूंतील मज्जापेशी सदोदित बोलत नाहीं. आलेले संदेश सांठून ठराविक मर्यादा ओलांडली गेली, म्हणजेच ती एक विद्युत्स्पंद सोडते.

याच तत्त्वावर ‘स्पंदनशील मज्जाजाल’ रचितात. त्यांतील कृत्रिम पेशी गळक्या घागरीसारखी असते. संदेश थेंबाथेंबानें पडतात, कांहीं झिरपून जातात. घागर भरली कीं ती एकदम रिती होते व पुढील पेशीस स्पंद पोंचतो. स्पंद नाहीं, तेथें आंकडेमोडहि नाहीं.

अशा जालास डोळाहि तसाच हवा. मिशा माहोवाल्ड व कार्व्हर मीड यांनीं दृष्टिपटलाच्या धर्तीवर घडविलेल्या सिलिकॉनच्या पडद्याची हकीकत १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. त्या मार्गानें पुढें निघालेल्या कॅमेऱ्यांत ज्या बिंदूचा प्रकाश बदलतो, तोच बिंदु संदेश देतो. आय. बी. एम. च्या २०१४ मधील १० लाख पेशींच्या चिपनें चलच्चित्रांतील माणसें व वाहनें अवघ्या ६३ मिलिवॅटवर ओळखलीं. पवईच्या आय. आय. टी. मध्यें उदयन गांगुली यांच्या गटानें अत्यल्प प्रवाहावर चालणारी सिलिकॉन पेशी रचिली आणि २०२२ पर्यंत तिच्या साह्यानें उच्चारलेले शब्द ओळखून पाहिले. तत्त्व दृष्टीसहि तेंच.

तथापि अडचणी आहेत. जालास शिकवितांना चूक थोडथोडी सुधारावी लागते. पण स्पंद असतो किंवा नसतो, त्यास अर्धी पायरी नाहीं. म्हणून शिकविण्यापुरता एक कल्पित उतार मानावा लागतो. शिवाय समोरचें सर्वच दृश्य हलूं लागलें, तर स्पंदांची गर्दी होऊन काटकसर संपते. ही बचत मौनाची आहे. जेथें बहुतेक वेळ कांहींच घडत नाहीं आणि विजेची तार पोंचत नाहीं, तेथेंच तिचें खरें मोल.