हळदीचा फेर आणि संशोधकांची मोजपट्टी

शिरगाव-बदलापूरच्या पट्ट्यात नाच ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. आगरी घरी हळद असली, म्हणजे बेंजोच्या ठेक्यावर मांडवात घरची आजीसुद्धा चार पावले टाकते; श्रावणात मंगळागौरीच्या निमित्ताने झिम्मा-फुगडी रंगते; दिंडीत टाळकरी पावल्या खेळतात; आणि दोन स्टेशने पलीकडे, फाळणीनंतर निर्वासितांच्या लष्करी छावणीतून १९४९ साली नगर म्हणून नावारूपास आलेल्या उल्हासनगरात, चेटीचंडला सिंधी मंडळी छेजचा फेर धरतात. इतके असूनही याच वस्तीतील एखाद्या सुशिक्षित गृहस्थाकडे व्यायामाचा विषय काढावा, तर तो पहाटेच्या फेरफटक्याचा दाखला देतो आणि नाचाचे नाव निघताच ‘छे, ते आपले काम नव्हे’ म्हणून मोकळा होतो. हा नकार ज्या समजुतींवर उभा आहे, त्यांपैकी काहींची खातरजमा संशोधकांनी करून ठेवली आहे.

पहिली समजूत अशी की, ताल हा दैवदत्त गुण असून तो ज्याच्या वाट्यास आला नाही त्याने दूर उभे राहून पाहावे. वस्तुतः २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या अर्भकांना ढोलाचा ठेका ऐकविला गेला, आणि मध्येच समेची थाप गाळली असता त्यांच्या मेंदूतील विद्युत्लहरींनी ती उणीव टिपली. उलटपक्षी, ज्याला खरोखरच ठेका उमगत नाही असा मनुष्य इतका विरळा की, माँट्रियलच्या संशोधकांनी २०११ साली तशा एका तरुणाचा तपशीलवार वृत्तान्त स्वतंत्र निबंध म्हणून प्रसिद्ध केला. तेव्हा बहुतेकांच्या ठायी उणीव असते ती तालाची नसून सरावाची, आणि त्याहूनही अधिक, संकोच सोडण्याची.

नाच ही करमणूक, व्यायाम नव्हे, ही दुसरी समजूत. ब्रिटनमधील ११ पाहण्यांतून चाळिशी ओलांडलेल्या ४८,३९० व्यक्तींची माहिती एकत्र करून २०१६ साली जो निष्कर्ष काढण्यात आला, त्यात मध्यम श्रमाचे नृत्य करणाऱ्यांमध्ये हृद्रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कमी आढळले. मात्र संथ, अंग न तापविणाऱ्या नृत्याच्या बाबतीत तसा संबंध दिसला नाही. म्हणजे दम लागेल इतके नाचणे भाग आहे. ज्यांना हृदयविकार वा रक्तदाब आहे, त्यांनी हे डॉक्टरांस विचारूनच अमलात आणावे.

नाचाचे जे कौतुक गावगप्पांतून आणि मोबाइलवरील संदेशांतून चालते, त्यालाही थोडी कात्री लावली पाहिजे. ‘नृत्याने स्मृतिभ्रंश ७६ टक्क्यांनी टळतो’ हे वाक्य ज्या अभ्यासातून उचलले गेले, तो न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ वृद्धांचा असून २००३ साली प्रसिद्ध झाला. सुमारे पाच वर्षांच्या निरीक्षणात शारीरिक छंदांपैकी एका नृत्याचाच स्मृतिभ्रंशाच्या अल्प प्रमाणाशी संबंध आढळला, हे खरे. परंतु आकड्यातील अनिश्चितता इतकी रुंद होती की लाभ नगण्य असण्यापासून प्रचंड असण्यापर्यंत काहीही संभवत होते, आणि ज्यांची बुद्धी आधीपासूनच शाबूत होती तेच नाचत राहिले असावेत, ही शंकाही उरतेच. याहून बोलका प्रयोग मला जर्मनीतील माग्डेबुर्गचा वाटतो. तेथे साठी ओलांडलेल्यांच्या एका गटाला दीड वर्ष नित्य नव्या नृत्यरचना शिकविल्या आणि दुसऱ्याकडून ठरावीक व्यायाम करवून घेतला. स्मृतीशी निगडित असलेला मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग दोन्ही गटांत वाढला, पण तोल सुधारला तो केवळ नाचणाऱ्यांचा. गट लहान होते हे मान्य. तरी उतारवयात पडून हाड मोडण्याचे भय ज्या घरी आहे त्यांना तोलाची किंमत वेगळी सांगावयास नको. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालविले, तेथेही आजारी माणसाला नाच कशाला, हा प्रश्न आपोआप निकालात निघतो.

तथापि नाचाचा सर्वांत विलक्षण लाभ एकट्याच्या देहात सापडत नाही. ब्राझीलच्या माराजो बेटावरील २६४ विद्यार्थ्यांना ऑक्सफर्डच्या संशोधकांनी गटागटाने नाचविले: काहींना उभे राहून अंग मोडेपर्यंत, काहींना बसल्या जागी हातवारे करीत, काहींना एकसाथ, तर काहींना ज्याची त्याची वेगळी हालचाल देऊन. नंतर दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळून वेदना कोठवर सोसते ते पाहिले. श्रमाने ती सहनशक्ती वाढली आणि एकतालाने स्वतंत्रपणे वाढली. शिवाय गटाविषयीची आपुलकीही वाढली. फुगडी पाहा: दोघींनी हातांची कैची घट्ट धरायची, पावले जुळवायची आणि मागे रेलून गरगरायचे, अशा वेळी प्रत्येकीचा सारा भार दुसरीच्या मनगटावर असतो, एकीने हात सोडला की दोघी जमिनीवर. ज्या सोसायट्यांत समोरच्या दारावरची पाटी वाचूनच शेजाऱ्याचे नाव कळते, तेथे या खेळाला परस्परविश्वासाची तालीम म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच संशोधकांनी पुढे हाच प्रयोग कानाला हेडफोन लावून केला. खोलीत निःशब्द शांतता असूनही एकाच ठेक्यावर एकसाथ नाचणाऱ्यांमध्ये तोच परिणाम दिसला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा कायद्याने घातलेली असताना, खिडक्यांची तावदाने हादरविल्यावाचून नाच रंगत नाही असे मानणाऱ्या मिरवणुकींच्या आयोजकांनी निदान हा एक निबंध तरी अवश्य वाचावा.