विष मजुराला, सातबारा मालकाला!

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. शासनाने मृतांच्या वारसांना 2 लाख जाहीर केले, तेही बोंबाबोंब झाल्यावर. एरवीचा नियम काय? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला 2 लाख, एक डोळा गेल्यास 1 लाख. फवारणीची विषबाधाही अपघातच धरली जाते. पण लाभार्थी कोण? सातबाऱ्यावरचा खातेदार, आणि 2019 पासून त्याच्या घरातला आणखी एकजण. पाठीवर पंप बांधून रोजाने दुसऱ्याच्या वावरात उतरणारा भूमिहीन यात कुठेच नाही. त्याच्या विधवेने सातबारा आणावा कुठून? तलाठ्याच्या दप्तरात तिचा नवरा कधी नव्हताच. ग्रामपंचायतीचा मजुरीचा दाखला शासनाने पुरावा मानावा, एवढीच मागणी आहे.